नवव्या प्रतिज्ञेपासून पुढे : ईश्वराशिवाय जीवनाचा अर्थ

ज्या पिढीने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली, त्या पिढीला ‘जीवनाचा अर्थ काय?’ हा प्रश्न फारसा पडला नाही. नाकारलेले माणूसपण परत मिळवणे, गावकीची हलकी कामे सोडणे, मुलांना शाळेत घालणे आणि ताठ मानेने जगणे हाच त्यांच्या जीवनाचा अर्थ होता. देव्हाऱ्यातील टाक त्यांनी नदीत सोडले, तेव्हा आपण काय टाकतो आहोत आणि कशासाठी टाकतो आहोत, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

त्यांच्या नातवंडा-पतवंडांची गोष्ट वेगळी आहे. या मुलांनी देव सोडलेला नाही. त्यांच्या घरात तो मुळी नव्हताच. त्यामुळे देव सोडण्यामागील लढा त्यांच्या अनुभवाचा भाग नाही. शाळेत बावीस प्रतिज्ञा शिकवताना वरच्या वर्गातील एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, “सर, देव नाही हे पटले. आत्मा नाही, स्वर्ग नाही, हेही पटले. मग आपण जगायचे कशासाठी?” हा प्रश्न उद्धटपणाचा नसतो. तो प्रामाणिक असतो आणि म्हणूनच त्याला प्रामाणिक उत्तर मिळाले पाहिजे. शाळेतून बाहेर पडून शहरात एकट्याने राहणाऱ्या, नोकरीच्या शोधात थकलेल्या किंवा जवळचे माणूस गमावलेल्या माजी विद्यार्थ्यांनाही तो पडतो. या लेखात त्याच प्रश्नाचा अभ्यास करावयाचा आहे.

१. ‘नास्तिक’ या शब्दाचा इतिहास

आज ‘नास्तिक’ म्हणजे देव न मानणारा असा अर्थ रूढ आहे. प्राचीन भारतात तो तसा नव्हता. पाणिनीच्या व्याकरणात आस्तिक आणि नास्तिक हे शब्द परलोक मानणारा आणि न मानणारा या अर्थाने समजले जात. मनुस्मृतीने वेदांची निंदा करणाऱ्याला नास्तिक ठरवले. पुढे हीच कसोटी प्रबळ झाली. याचा परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. सांख्य दर्शनाच्या प्राचीन रूपात आणि पूर्वमीमांसेत सृष्टिकर्त्या ईश्वराला स्थान नाही. तरीही ती दर्शने वेदप्रामाण्य मानतात म्हणून ‘आस्तिक’ गणली गेली. चार्वाक, जैन आणि बौद्ध यांनी वेदप्रामाण्य नाकारले म्हणून ते ‘नास्तिक’ ठरले.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, या देशात ईश्वराशिवाय विचार करण्याची परंपरा परदेशातून आलेली नाही. ती येथील मातीतील आणि अडीच हजार वर्षांहून जुनी आहे. दुसरी, ‘नास्तिक’ हा शब्द बहुधा शिवी म्हणून वापरला गेला आणि ती शिवी प्रामुख्याने सत्ता व ग्रंथ यांना प्रश्न विचारणाऱ्यांच्या वाट्याला आली. नास्तिक माणूस म्हणजे कशावरच विश्वास नसलेला, भरकटलेला माणूस, ही समजूत त्याच शिवीचा अवशेष आहे. मुलांनी ती समजूत मनातून काढून टाकावी, कारण प्रश्नाचा अर्धा भार त्या समजुतीचाच असतो.

२. तथागतांनी प्रश्नच बदलला

दीघनिकायातील तेविज्ज सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण ब्राह्मण ब्रह्माकडे जाण्याचा खरा मार्ग कोणता, यावरून वाद घालत तथागतांकडे येतात. तथागत त्यांना विचारतात की, तुमच्या आचार्यांपैकी किंवा त्यांच्या पूर्वजांपैकी कोणी ब्रह्माला प्रत्यक्ष पाहिले आहे काय? उत्तर नकारार्थी येते. तेव्हा ते उदाहरण देतात : एक माणूस चौकात जिना बांधत आहे, पण ज्या माडीसाठी तो बांधतो आहे, ती कोठे आहे, केवढी आहे, हे त्याला ठाऊक नाही. अशा जिन्याला काय म्हणावे?

मज्झिमनिकायात मालुंक्यपुत्त हा भिक्खू दुसऱ्या टोकाने येतो. जग शाश्वत आहे की अशाश्वत, मरणानंतर तथागत असतो की नसतो, याची उत्तरे मिळाली नाहीत तर मी संघ सोडतो, असे तो म्हणतो. तथागत त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त देतात. बाण मारणारा कोणत्या कुळाचा, धनुष्य कोणत्या लाकडाचे, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही, असा हट्ट धरणारा माणूस उत्तर मिळण्यापूर्वीच मरेल.

ही दोन सुत्ते एकत्र वाचली म्हणजे आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला दिशा मिळते. ‘मी कशासाठी जन्माला आलो?’ या प्रश्नात, कोणीतरी काही हेतूने मला येथे पाठवले आहे, हे आधीच गृहीत धरलेले असते. पाठवणाराच नसेल तर त्याचा हेतू शोधणे म्हणजे न पाहिलेल्या माडीसाठी जिना बांधणे होय. परंतु ‘माझ्यासमोर दुःख आहे, त्याचे मी काय करणार?’ हा प्रश्न मात्र प्रत्येक क्षणी खरा असतो. त्याचे उत्तर आकाशात शोधावे लागत नाही.

३. आठ नकार आणि त्यानंतर

बावीस प्रतिज्ञांचा क्रम काळजीपूर्वक पाहिला पाहिजे. पहिल्या आठ प्रतिज्ञा प्रामुख्याने नकाराच्या आहेत. त्यांत ब्रह्मा, विष्णू, महेश, राम, कृष्ण, गौरी-गणपती यांना देव न मानणे, अवतारकल्पना नाकारणे, श्राद्धपक्ष व पिंडदान न करणे, ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करवून न घेणे, या गोष्टी येतात. नवव्या प्रतिज्ञेपासून सूर बदलतो. सर्व माणसे समान आहेत असे मी मानतो. समतेच्या स्थापनेसाठी मी प्रयत्न करीन. अष्टांगिक मार्गाचे आणि दहा पारमितांचे पालन करीन. सर्व प्राणिमात्रांवर दया करीन. चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, दारू पिणार नाही. प्रज्ञा, शील आणि करुणा या तत्त्वांवर जीवन घडवीन, असा त्यांचा आशय आहे. एकोणिसाव्या प्रतिज्ञेतील हिंदू धर्माचा त्याग वगळला, तर नवव्यापासूनचा बहुतेक भाग हा कसे जगायचे याचा आराखडा आहे.

आपल्या समाजात पहिल्या आठ प्रतिज्ञा मोठ्या आवाजात म्हटल्या जातात आणि त्यांवरच वाद रंगतात. देव नाकारण्याने जागा मोकळी होते. मोकळ्या जागेत काय उभारायचे, हे नवव्या प्रतिज्ञेपासून पुढे सांगितले आहे. ‘जगायचे कशासाठी?’ हा प्रश्न ज्याला छळतो, तो बहुधा आठव्या प्रतिज्ञेवर थांबलेला असतो.

१९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी हा विचार सविस्तर मांडला आहे. धर्म ही खासगी बाब मानली जाते, तर धम्म मूलतः सामाजिक आहे, असे ते सांगतात. माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही; दोन माणसे एकत्र आली की ती निर्माण होते, कारण धम्म म्हणजे माणसामाणसांतील योग्य व्यवहार. धम्मात ईश्वराचे स्थान नीतीने घेतले आहे. याचा अर्थ असा की, जीवनाला अर्थ देणारी जागा बौद्धाच्या जीवनात रिकामी नाही. तेथे शेजारचा माणूस उभा आहे.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. ईश्वर मानणाऱ्याचे जीवन हीन असते, असे या लेखाचे म्हणणे नाही. बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि महात्मा जोतीराव फुले यांना आपले गुरू मानले. या तिघांपैकी कबीर एका निर्गुण ईश्वराचे भक्त होते आणि जोतीराव ‘निर्मिक’ मानत होते. त्यांच्या श्रद्धेने त्यांना माणसापासून दूर नेले नाही. आपली कसोटीही हीच असावी. आपली निरीश्वर भूमिका आपल्याला माणसाजवळ नेते की केवळ वादविवादाच्या व्यासपीठावर नेते, हे पाहावे.

४. मृत्यूसमोर : भगतसिंगांचे उदाहरण

ईश्वराशिवाय जगता येईल, पण मरता येईल काय, अशी शंका घेतली जाते. संकटात सगळेच देवाचे नाव घेतात, असेही म्हटले जाते. याचे उत्तर आधुनिक भारताच्या इतिहासातच आहे. लाहोरच्या तुरुंगात असताना भगतसिंगांनी ऑक्टोबर १९३० मध्ये ‘मी नास्तिक का आहे’ हा निबंध लिहिला. त्याच महिन्याच्या ७ तारखेला त्यांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. २३ मार्च १९३१ रोजी ती अमलात आली, तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, सप्टेंबर १९३१ मध्ये, लाहोरच्या ‘द पीपल’ या पत्रात प्रसिद्ध झाला.

प्रसिद्धीमुळे अहंकार चढला म्हणून तू देव मानत नाहीस, या आरोपाला हा निबंध उत्तर देतो. भगतसिंग त्यात कोणतीही फुशारकी मारत नाहीत. श्रद्धावानाला मरणाच्या वेळी जो दिलासा मिळतो, तो आपल्याला मिळणार नाही, हे ते मान्य करतात. हिंदूला पुढील जन्मी राजा होण्याची, मुसलमानाला किंवा ख्रिश्चनाला स्वर्गसुखाची आशा ठेवता येते; आपल्यासाठी मात्र गळ्याला दोर लागेल तो क्षण अखेरचा असेल, हे त्यांनी स्वच्छ लिहिले आहे. तरीही कोणत्याही बक्षिसाच्या अपेक्षेविना स्वातंत्र्याच्या कार्याला वाहिलेले छोटेसे संघर्षमय जीवन हेच आपले पारितोषिक आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. अखेरच्या दिवसांत प्रार्थना करू लागशील, असे म्हणणाऱ्यालाही त्यांनी नम्रपणे नकार दिला.

विद्यार्थ्यांनी या उदाहरणातून नेमके काय घ्यावे? हौतात्म्य प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही आणि मरणाची ओढ लागावी असेही त्यात काही नाही. घ्यायचे ते एवढेच : जीवनाचा अर्थ त्याच्या शेवटी कोणी देईल अशा बक्षिसात नसतो. ज्या कामात आपण जीवन घालवतो, त्या कामातच तो असतो. आयुष्य लहान असो वा मोठे, हे खरेच राहते.

५. शोकासमोर : किसा गोतमी आणि बाबासाहेब

स्वतःच्या मरणापेक्षा आपल्या माणसाचे मरण सोसणे अधिक कठीण. आपल्या समाजात पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात वक्ते अनित्यतेवर बोलतात. पण समोर बसलेल्या आईला त्या क्षणी तत्त्वज्ञान नको असते. शेजारीण तिला सांगते, “देवाला आवडला, म्हणून नेला.” आपल्याकडे असे सांगायला काही नाही. मृताची पुन्हा भेट होईल, असे आश्वासन आपण देऊ शकत नाही. ही उणीव लपवण्यात अर्थ नाही.

मग आपल्याकडे काय आहे? श्रावस्तीची किसा गोतमी मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत तथागतांकडे आली. त्यांनी तिला ते मूल देवाघरी गेले असे सांगितले नाही आणि उपदेशही केला नाही. ज्या घरात कोणी मेले नाही, अशा घरातून मोहरीचे दाणे आणायला सांगितले. या कथेचा अर्थ सहसा ‘सगळेच मरतात’ एवढाच सांगितला जातो. तो अपुरा आहे. गोतमी घरोघर फिरली, प्रत्येक उंबऱ्यावर तिने दुसऱ्याचे दुःख ऐकले आणि प्रत्येक घराला आपले दुःख सांगितले. सकाळी ती एकटी होती. सायंकाळी साऱ्या नगरीच्या शोकाशी तिचे नाते जुळले होते. ईश्वराशिवाय मिळणारा दिलासा हाच आहे : दुःखात माणसाने माणसाजवळ बसणे. म्हणून पुण्यानुमोदनाच्या भाषणापेक्षा त्यानंतरच्या महिन्यांत त्या घराचा उंबरा कितीजण ओलांडतात, याला महत्त्व आहे.

बाबासाहेबांच्या चरित्रातही हा शोक आहे. त्यांची चार अपत्ये बालपणीच गेली. त्यांतील राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला आणि त्या आघाताने ते खचून गेले होते. त्यानंतर आठ महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याच्या काठावर ते हजारो माणसांच्या पुढे उभे होते. दुःख संपले म्हणून त्यांनी काम हाती घेतले, असे म्हणता येणार नाही. असे दुःख संपत नाही. स्वतःचे मूल गमावलेल्या या पित्याने इतरांच्या मुलांना पाणी मिळावे म्हणून लढा उभारला, एवढे इतिहास सांगतो. आपल्यासाठी तेवढे पुरेसे आहे.

६. रोजच्या जगण्यात

तुरुंग आणि सत्याग्रह हे असामान्य प्रसंग झाले. साध्या संसारात निरीश्वर जीवन कसे दिसते? आंध्रातील गोपराजू रामचंद्र राव, म्हणजेच गोरा, हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. नास्तिक मतांमुळे त्यांना महाविद्यालयातील नोकरी गमवावी लागली. १९४० मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नी सरस्वती यांनी कृष्णा जिल्ह्यातील मुदुनूर या गावी नास्तिक केंद्र सुरू केले. १९४७ मध्ये ते विजयवाड्यास नेले. देव नाही हे सिद्ध करत बसण्यापेक्षा अस्पृश्यता मोडणे, सहभोजने घडवणे, प्रौढांना शिकवणे यांत या दांपत्याने आयुष्य घालवले. मार्च १९४८ मध्ये त्यांच्या थोरल्या मुलीचा विवाह अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील तरुणाशी सेवाग्राम येथे झाला. बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिनिर्मूलन’ या भाषणग्रंथात आंतरजातीय विवाह हा जातीवरील खरा उपाय म्हणून सांगितला होता. गोरा यांच्या नास्तिकतेची परीक्षा त्यांच्या स्वतःच्या घरात झाली आणि तेथे ती उतरली.

विनयपिटकाच्या महावग्गात याहूनही साधा प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नसे, म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून मंचकावर ठेवले. मग त्यांनी भिक्खूंना सांगितले की, येथे तुमचे आई-वडील नाहीत. तुम्ही एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते, त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

निवासी शाळेत वाढलेल्या प्रत्येकाला या वाक्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. रात्री ताप आलेल्या धाकट्या मुलाच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवणारा वरच्या वर्गातील मुलगा, नव्याने आलेल्या आणि घरच्या आठवणीने रडणाऱ्या मुलीला आपल्या ताटाशेजारी बसवणारी ताई, यांनी जीवनाचा अर्थ या विषयावर भाषण ऐकलेले नसते. तरीही तो त्यांच्या हातून घडत असतो.

७. एक आक्षेप आणि चार आश्वासने

देवाचा धाक नसेल तर माणूस चांगला का वागेल, असा आक्षेप पालकही कधीकधी घेतात. अंगुत्तरनिकायातील कालाम सुत्ताचा पहिला भाग, म्हणजे ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा ग्रंथात आहे म्हणून विश्वास ठेवू नका, हा आपल्याकडे सर्वांना पाठ असतो. त्याचा शेवट मात्र क्वचितच सांगितला जातो. ज्याचे चित्त वैरमुक्त आणि निर्मळ आहे, त्याला तथागत तेथे चार आश्वासने देतात. परलोक आणि कर्मफल असेल, तर त्याचे भले होईल. नसेल, तरी याच जीवनात तो वैराविना, सुखाने जगतो. वाईट करणाऱ्याचे वाईट होत असेल, तर त्याने कोणाचे वाईट चिंतलेले नाही. होत नसेल, तरी दोन्ही बाजूंनी तो स्वतःला शुद्धच पाहतो.

या युक्तिवादाचे बळ असे की, सदाचाराचे मोल परलोकाच्या अस्तित्वावर टांगून ठेवलेले नाही. परलोक असो वा नसो, चांगले जगणे वाया जात नाही. धाकाने चांगले वागणारे मूल पहारेकरी दूर होताच बदलते. दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव झालेले मूल एकटे असतानाही तेच राहते.

८. आपल्यापुढील दोन धोके

पहिला धोका मागे वळण्याचा आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी तथागतांच्या मूर्तीपुढे यश मागणे, बाबासाहेबांच्या प्रतिमेला नवस बोलल्यासारखे हात जोडणे, हे प्रकार आपल्या घरांत दिसू लागले आहेत. वंदना म्हणजे मागणी नव्हे; आपण स्वीकारलेल्या शीलांची ती आठवण आहे. ज्यांनी आयुष्यभर माणसाला स्वतःच्या पायांवर उभे राहायला शिकवले, त्यांच्याच पायांशी लोटांगण घालणे हा त्यांचा सन्मान होत नाही.

दुसरा धोका कोरडेपणाचा आहे. देव मानत नाही, एवढ्यावरच समाधानी असणारा आणि शेजाऱ्याच्या श्रद्धेची टिंगल करणारा, पण गावाकडील आई-वडिलांना महिनोन्‌महिने न भेटणारा, वस्तीतील मुलांकडे पाठ फिरवणारा सुशिक्षित माणूस आठ प्रतिज्ञा पाळतो आणि चौदा विसरतो. अशा माणसाला पोकळी जाणवली तर नवल नाही. ती देव नसल्यामुळे आलेली नाही.

म्हणून ‘जगायचे कशासाठी?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला एवढेच सांगावेसे वाटते : तुझ्या जीवनाचा अर्थ तुझ्या जन्माआधी कोणी लिहून ठेवलेला नाही, याचे भय बाळगू नकोस. लिहून ठेवला असता, तर तुझ्या आजोबांच्या कपाळी पूर्वजन्मीच्या पापाचा शिक्का मारणाऱ्यांनीच तो लिहिला असता. तो कागद त्यांनी फाडला, म्हणून तुला कोरा मिळाला. आणि मन फार जड झाले तर एकटा बसू नकोस. आपल्या माणसाजवळ, शिक्षकाजवळ येऊन बोल. गोतमीलाही मोहरीच्या दाण्यासाठी दारोदार जावेच लागले होते.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. प्राचीन काळी ‘नास्तिक’ कोणाला म्हणत आणि आज कोणाला म्हणतात? हा बदल काय दर्शवतो?
२. नवव्या प्रतिज्ञेपासून पुढील कोणती एक प्रतिज्ञा आपल्या घरात सर्वांत कमी पाळली जाते? तिच्यासाठी या वर्षी काय करता येईल?
३. शोकात असलेल्या कुटुंबाला ‘देवाची इच्छा’ असे न म्हणता आपण धीर कसा द्याल?
४. कालाम सुत्तातील चार आश्वासने आपल्या शब्दांत लिहा आणि त्यांपैकी आपल्याला सर्वांत जवळचे वाटणारे कोणते, ते सकारण सांगा.
५. आपल्या वस्तीतील अशी एक व्यक्ती शोधा, जी कोणत्याही फळाची अपेक्षा न ठेवता इतरांसाठी काम करते. तिला भेटून, ती हे का करते, ते विचारा.